इकोचे सायलेन्सर चोरीला जातात: भंगार खरेदीसाठी शहरात वेगळा नियम हवा की नको?

व्हॅनकाका_चिंचवड:
माझी मारुती इको व्हॅन शाळेची मुलं ने-आण करते. मागच्या पावसाळ्यात सकाळी साडेसहाला चावी फिरवली आणि ट्रॅक्टरसारखा आवाज आला. वाकून बघतो तर खालचा सायलेन्सर गायब! गाडी घराखाली, दिव्याच्या खांबाजवळ लावलेली होती. चोरांना हवी असते ती आतली 'माती', म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधला (धूर कमी विषारी करणाऱ्या भागातला) प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू असलेला चुरा. नव्या सायलेन्सरला 40 हजारांच्या वर गेले, सहा दिवस गाडी उभी, आणि दोन पालकांनी तेवढ्यात दुसरी व्हॅन लावली.

चोर पकडला जाईल तेव्हा जाईल. घेणाराच नसेल तर तो चोरेल कशाला? भाडेकरूंची माहिती द्या म्हणून पोलीस आयुक्त आदेश काढतात, तसाच इथेही काढावा. सायलेन्सर किंवा माती घेताना विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि गाडीचा नंबर नोंदवायचा, पैसे फक्त खात्यावर द्यायचे. रोख बंद.

काटा_आणि_वजन:
काका, तुमचं नुकसान झालं हे वाईटच. पण आमचं भंगारचं दुकान आहे, म्हणून सांगतो. माती आमच्या काट्यावर येतच नाही. टोळीवाले ती काढून परस्पर बाहेर पाठवतात. आमच्याकडे येतो पत्रा, पुठ्ठा, बाटल्या. आणणाऱ्या बहुतेक कचरा वेचणाऱ्या बायका. त्यांना 80 रुपये खात्यावर देऊ? संध्याकाळचा किराणा त्या पैशांवर असतो. मेरठच्या सोतीगंजात डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी चोरीच्या सुट्या भागांचा बाजार बंद पाडला, तेव्हा आमची कागदं चोख आहेत असं सांगणाऱ्यांची दुकानंही बंद राहिली. असा आदेश निघाला की चोराच्या आधी आम्हीच सापडतो, कारण आमचं दुकान रोज त्याच जागी असतं.

कोर्टाची_पायरी:
नवा नियम कशाला? चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहेच. टोळीने वाहनातून चोरी केली तर कलम 112 लागतं, 1 ते 7 वर्षं शिक्षा. आणि आयुक्तांचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघाला तर तो 2 महिन्यांपुरता. खरी अडचण ठाण्यात आहे. चोरीचा माल 5000 रुपयांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र. आरसा, व्हील कॅप गेली तर पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच करू शकत नाहीत. पण सायलेन्सरला ती सबब चालत नाही. एफआयआरच मागा, नुसत्या तक्रार अर्जावर परत येऊ नका.

व्हॅनकाका_चिंचवड:
साहेब, मी अर्जावरच परत आलो होतो. हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

सॅनहोजेकर:
इकडे कॅलिफोर्नियात हाच त्रास होता, टोयोटाच्या प्रियस गाड्यांना सगळ्यात जास्त. 2022 मध्ये दोन कायदे झाले, 2023 पासून लागू आहेत. कन्व्हर्टर कोणाकडून घ्यायचा यावर बंधन आलं, आणि तो ज्या गाडीतून काढला तिची नोंद ठेवणं सक्तीचं झालं. माझ्या गल्लीत त्यानंतर एकही चोरी नाही. नियमाने फरक पडतो.

धातूबाजार:
श्रेय चुकीच्या ठिकाणी जातंय. ऱ्होडियम 2021 मध्ये औंसाला 29 हजार डॉलरच्या आसपास गेलं होतं, 2023 अखेरीस ते 5 हजारांच्याही खाली आलं. चोराची कमाईच आटली. भाव पुन्हा चढू द्या, मग कायद्याची परीक्षा होईल.

सॅनहोजेकर:
भाव हे एक कारण, मान्य. पण भाव चढेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? नोंदीची सवय मंदीतच लावून घ्यावी.

व्हॅनकाका_चिंचवड:
काटावाले भाऊ, तुमचं पटलं. पुठ्ठा-पत्र्याला हात लावू नये. नियम फक्त सायलेन्सर, कन्व्हर्टर आणि माती यांच्यापुरता. शिवाय गॅरेजवाल्यांनी सायलेन्सरवर चेसिस नंबर कोरून द्यावा. मी माझ्या नव्यावर कोरून घेतलाय.

काटा_आणि_वजन:
एवढ्यापुरतं असेल तर वही मी उद्यापासून ठेवतो, महिन्याला चार नोंदीही होणार नाहीत. कोरलेला नंबर दिसला तर माल घेणार नाही, हा शब्द. पण वही कोण तपासणार, किती दिवसांनी, आणि तपासल्याची पावती देणार का, हे आदेशातच लिहिलेलं हवं. मागे एकदा वजनकाट्याच्या तपासणीत पावती न देता पैसे घेतले गेले आहेत. पावती नसेल तर माझा विरोध कायम.