मदत हवी आहे: वाड्यावरच्या वाचनालयासाठी कादंबऱ्या, मुलांची पुस्तकं, भयकथा आणि इतिहास (गोवा)

अबोली_फोंडा:

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर देवळाला लागून एक खोली आहे. तिथं आमचं महिला मंडळ छोटंसं वाचनालय चालवतं. दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी दोन तास उघडं. यंदा चवथीनंतर एका देणगीतून वीस हजार रुपये खास पुस्तकांसाठी मिळाले आहेत. यादी करायचं काम माझ्याकडे आलं आहे.

कपाटात सध्या पोथ्या, जुने दिवाळी अंक आणि कुणीकुणी घर आवरताना आणून दिलेल्या कादंबऱ्या आहेत. त्यांतल्या काहींचे पहिले भाग आहेत, दुसरे नाहीत. लहान मुलांसाठी जवळजवळ काहीच नाही.

खरी काळजी मुलांचीच आहे. आमची मुलं चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळेत जातात आणि पाचवीला इंग्रजी माध्यमात. तिथं मराठी एका विषयापुरती उरते. चौथीत घडाघडा वाचणारी मुलगी सातवीत गेली की मराठी पुस्तक उघडते, पानभर मजकूर बघते आणि मिटून ठेवते. हे बघताना मला फार वाईट वाटतं, कारण दोनतीन वर्षं हातात मराठी पुस्तक आलं नाही तर ती वाट पुन्हा सापडणं कठीण. या वयाच्या मुलांना काय हवं म्हणून विचारलं तर जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच: "भुताचं आहे?"

मंडळातल्या बायकांना कादंबऱ्या हव्यात, शक्यतो आपल्या भागातल्या. संध्याकाळी येणाऱ्या तीनचार आजोबांना इतिहास हवा, आणि तोही गोव्याचा, पोर्तुगीज आमदानीतला. पैसे तेवढेच, कपाटं दोनच.

जाणकारांनी सांगावं: भयकथा कोणत्या वयाला कोणत्या द्याव्यात? गोव्याचा इतिहास सोप्या मराठीत कुठं मिळेल? सगळ्या प्रकारांत पैसे सारखे वाटावेत की एकाच प्रकारात जास्त घालावेत? आणि मंडळातल्या एका काकूंचं म्हणणं आहे की देवळाच्या आवारात भुताखेतांची पुस्तकं नकोत. त्यांना दुखवायचं नाही. त्यांना काय सांगावं?

डिचोलीवाला:

अबोलीताई, मुलं भुताचं मागताहेत ना, मग तिथूनच सुरुवात करा. वाचनाची सवय मोडलेल्या मुलाला पान उलटायला लावायचं असेल तर 'पुढं काय झालं' याच्याइतकं जोरकस दुसरं काही नाही, आणि भयकथेत ते पहिल्या परिच्छेदापासून असतं.

मराठीत या प्रांतात दोन नावं आधी घ्यावी लागतात. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०). धारपांची वाक्यं लहान, घटना भराभर, आणि कादंबऱ्या बऱ्याचशा बारीक अंगाच्या. वाचन तुटलेल्या नववी-दहावीच्या मुलाला असं पुस्तक संपवता येतं, आणि एक पुस्तक संपवल्याचा आनंद त्याला दुसऱ्याकडे नेतो. त्यांच्या 'समर्थ' मालिकेत दुष्ट शक्तीशी झुंजणारा जाणता माणूस आहे. तुमच्या काकूंना त्यातली एखादी आधी वाचायला द्या. तिथं अंधार आहे, पण त्याला तोंड देणाराही आहे. मुलांना ओळख म्हणून हेही सांगा: २०१८ साली आलेल्या 'तुंबाड' चित्रपटाच्या काही भागामागं धारपांची 'आजी' ही कथा आहे. सिनेमाचं नाव ऐकल्यावर पुस्तक उचललं जातं.

मतकरींच्या गूढकथा वेगळ्या. तिथं भूत बहुधा माणसाच्या मनातच असतं. 'खेकडा' हा संग्रह घ्या, पण दहावीच्या पुढच्यांसाठी आणि मोठ्यांसाठी ठेवा. त्यांत क्रौर्य आहे आणि ते बराच वेळ डोक्यातून जात नाही. धारपांचंही सगळंच मुलांचं नाही, एकेक पुस्तक आधी स्वतः वाचून मगच द्या.

आता तुमच्या बायकांच्या मागणीशी जुळणारं. चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६), म्हणजे कवितेतले आरती प्रभू. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईचे. आपल्या पेडण्याला लागूनच तो मुलूख. 'कोंडुरा' किंवा 'रात्र काळी, घागर काळी' या कादंबऱ्यांतला समुद्र, देवस्थान, शाप, वासना हे सगळं आपल्याला परकं वाटत नाही. मी त्यांना भयकथा म्हणणार नाही, पण वाचताना अंगावर काटा येतो तो कुठल्याही भुताच्या गोष्टीपेक्षा जास्त. मोठ्यांसाठीच.

वाचनमात्र:

वाचनखूण साठवली. आमच्या सोसायटीतही हाच प्रश्न आहे.

चौथीचीबाई:

ताई, मी प्राथमिकला शिकवते, तुमचं दुखणं रोज बघते. माझं म्हणणं आधीच सांगते: निम्मे पैसे मुलांवर घाला. मोठी माणसं पुस्तक मागून आणतील, पणजीला जातील. मुलाच्या समोर पुस्तक नसेल तर ते पुस्तकाच्या मागे जाणार नाही.

पहिली-दुसरीला माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं घ्या. 'राधाचं घर' मालिका, 'यश'. चित्रंही त्यांचीच, आणि भाषा अशी की घरात बोलतो तशी. मूल वाचत नाही, ऐकतं, आणि मग पाठ झालेली गोष्ट बोट ठेवून 'वाचतं'. तिथून खरं वाचन सुरू होतं. ही पुस्तकं हाताळून फाटतात, फाटू द्या. कुलपात ठेवलेलं बालपुस्तक काय कामाचं?

तिसरी ते सहावीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल आणि त्याचं 'ट्टॉक'! गोष्टी जुन्या झाल्या तरी वेग जुना झालेला नाही. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' हेही घ्या. बोक्या आजच्या मुलांना जवळचा वाटतो, गोट्या मात्र मोठ्यानं वाचून दाखवावा लागतो, कारण त्यातलं घर आणि रीतभात आता राहिली नाही. वाचून दाखवल्यावर मुलं हसतात, हे मी वर्गात पाहिलं आहे.

आणि एक पैसाही न लागणारं: बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी चित्रकथा आहेत, छापूनही घेता येतात. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी बालपुस्तकांचा मोठा साठा आहे. खोलीत एक जुना टॅब ठेवला तर पावसाळ्यातले दोन महिने निघतील.

डिचोलीवाला यांच्या म्हणण्याला माझी एक जोड. भीती आणि बालसाहित्य ही दोन वेगळी कपाटं आहेत असं मला वाटत नाही. गूढकथा लिहिणाऱ्या मतकरींनीच 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' ही बालनाट्यं लिहिली, आणि 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण मुलांची लाडकी आहे. जी. ए. कुलकर्णींच्या कथा इतक्या काळोख्या, पण 'बखर बिम्मची' हे लहान मुलाच्या डोळ्यांनी जग बघणारं पुस्तकही त्यांचंच. तेव्हा मुलांना घाबरण्याची पुस्तकं देताना आपणच घाबरू नये. आठवी-नववीला मात्र प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' जरूर द्या. त्यातल्या लंपन या मुलाचं ते बेळगावकडचं गाव, कानडी शब्द मिसळलेली मराठी... आपल्याकडच्या मुलाला ती मिसळण नवी नाही. पुण्याच्या मराठीला बिचकणारं मूल तिथं मोकळं होतं.

सासष्टीकर:

माझं मत वेगळं आहे. देवळाच्या आवारातली जागा आहे, तिथं येणाऱ्या सगळ्यांचा मान राखायला हवा. काकूंचं म्हणणं नुसतं अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू नका. वाचनालय माणसांच्या मायेवर चालतं. एक घर दुखावलं तर त्या घरातली मुलंही यायची बंद होतात. आधी भयकथा थोड्याच घ्या, कपाटाच्या वरच्या खणात ठेवा, आणि मोठ्यांनी काढून द्यायच्या असा नियम करा.

जुनेकागद:

इतिहासाबद्दल लिहितो. आजोबांना आधी विचारून घ्या, त्यांना कादंबरी हवी की इतिहास. दोन्हीला आपण एकाच नावानं हाक मारतो. 'स्वामी', 'छावा', 'पानिपत' या कादंबऱ्या आहेत, त्यांतले संवाद लेखकाचे आहेत. त्या जरूर ठेवा, पण वेगळ्या खणात. सातवीतल्या मुलाला हा फरक लवकर कळला तर त्याचं भलं होईल.

गोव्याच्या इतिहासात पहिलं नाव पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९). सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे. पोर्तुगीज दप्तरखान्यातले कागद वाचून त्यांनी मराठे आणि पोर्तुगीज यांच्या व्यवहाराचा इतिहास उभा केला. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हे त्यांचं मराठी पुस्तक, पुणे विद्यापीठानं काढलेलं. सोपं नाही, पण आजोबांचा संध्याकाळचा वेळ त्यात सहज जाईल. विकत मिळालं नाही तर पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसून वाचता येईल. १८३२ साली सुरू झालेलं ग्रंथालय ते, गोव्यावरच्या जुन्या पुस्तकांसाठी दुसरीकडे जावं लागत नाही. बालविभागही आहे, मुलांना एकदा घेऊन जाच.

मुलांसाठी मात्र इतिहास पुस्तकातून सुरू करू नका, जागेपासून करा. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा बांधवलं. जुव्याचा किल्ला संभाजी महाराजांच्या सैन्यानं नोव्हेंबर १६८३ मध्ये घेतला आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयला जीव वाचवून परतावं लागलं. तुमच्याकडून बाणस्तारीवरून जुवें किती लांब? कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी १५८३ मध्ये उठाव केला, पुढं बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांच्या म्होरक्यांना मारलं. सत्तरीच्या दीपाजी राण्यांनी १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेतला. मूल ती जागा बघून आलं की त्याला पुढचं विचारावंसं वाटतं, आणि मग पुस्तक द्यावं.

आणि महादेवशास्त्री जोशी विसरू नका. सत्तरीतल्या आंबेड्याचे, पुण्यात राहून दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश करणारे. त्यांच्या कथांतला गोवा बायकांना आवडेल, आणि 'आत्मपुराण' हे आत्मचरित्र आजोबांनाही. त्यांच्या पत्नी सुधाताई १९५५ मध्ये म्हापशाला गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या, तिथंच पकडल्या गेल्या आणि पोर्तुगिजांच्या तुरुंगात राहिल्या. महिला मंडळाच्या वाचनालयात ही गोष्ट माहीत असायलाच हवी. कादंबऱ्यांत बोरीचे सुभाष भेंडे: 'आमचे गोंय आमका जाय'. जनमत कौलाचा (गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा यावरच्या मतदानाचा) काळ ज्यांनी पाहिला आहे ते या पुस्तकावर भांडतील. भांडू द्या, वाचनालयात तेवढा आवाज चालतो.

अबोली_फोंडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

सासष्टीकर दादा, तुमचा मुद्दा पटला. काल काकूंकडे गेले. वाद न घालता एवढंच विचारलं की आपल्या राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, आपण रोट देतो, वेताळाला नव्या वहाणा वाहतो, कारण रात्री फिरून त्याच्या जुन्या झिजतात, असं तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितलंत ना? मग काकूच सुरू झाल्या. त्यांच्या माहेरच्या वाटेवरचा देवचार, घोंगडी पांघरून कंदील घेऊन पुढं चालणारा आणि चुकलेल्याला घरापर्यंत पोचवणारा. त्यांची दोन्ही नातवंडं फोन बाजूला ठेवून ऐकत बसली होती. शेवटी काकूंनीच अट घातली: पुस्तकं आणा, पण लहानांना द्यायच्या आधी मी वाचणार. 'समर्थ'चं पहिलं पुस्तक त्यांच्याच नावावर लावणार आहे. त्यांनी सांगितलेल्या देवचाराच्या गोष्टी मोठ्या मुलींकडून वहीत उतरवून घ्यायचंही ठरलं, आणि ती वही भयकथांच्याच खणात ठेवायची.

पैशांचं चौथीचीबाई म्हणाल्या तसंच करते. निम्मे मुलांवर. उरलेल्यांत कादंबऱ्यांना जास्त, इतिहासाला कमी, कारण पिसुर्लेकरांसाठी आजोबांना मध्यवर्ती ग्रंथालयात नेण्याची जबाबदारी मंडळातल्या एकीच्या मुलानं घेतली आहे. 'वनवास'च्या दोन प्रती घेणार, एक बायकांच्या कपाटात आणि एक मुलांच्या.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. आमच्याकडे पावसात पुस्तकांना बुरशी येते आणि खालच्या खणाला वाळवी लागते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं आहे, कडुनिंबाचा पाला आणि कापूर ठेवतो, तरी जून-जुलैत पानांना वास येतोच. नवी पुस्तकं येण्याआधी कुणी काही खात्रीचं सांगेल का? आणि धारपांच्या 'समर्थ'ची पुस्तकं नेमक्या कोणत्या क्रमानं वाचावीत? काकूंनी कालपासून तीनदा विचारलं आहे.