‘सोल’ला मराठीत काय म्हणावं? अरीथा फ्रँकलिनवर लिहिताना अडलेले शब्द

एका छोट्या दिवाळी अंकासाठी अरीथा फ्रँकलिन या अमेरिकी सोल गायिकेवर लेख लिहितेय. (आपल्याकडे ‘अरेथा’ छापलेलं दिसतं, पण उच्चार अरीथा.) पहिला खर्डा संपादकांकडून परत आला तेव्हा त्यात जिथे जिथे ‘सोल’ होतं तिथे तिथे ‘आत्मसंगीत’ झालं होतं. ‘क्वीन ऑफ सोल’ची ‘आत्मसंगीताची सम्राज्ञी’ झाली होती. वाचून मला ती बाई दिसेचना. पहाटे एखाद्या ध्यानकेंद्रात लावून ठेवलेली बासरी ऐकू यायला लागली.

शब्दकोशात सोल म्हणजे आत्मा हे बरोबरच आहे. पण मराठीत आत्म्याला शस्त्रं तोडत नाहीत, आग जाळत नाही, सुखदुःख शिवत नाही. अरीथाच्या गाण्यात जे आहे ते जळतं, तुटतं, घामाघूम होतं आणि पुन्हा उभं राहतं. त्याला आपल्याकडे शब्द आहे तो ‘जीव’. जीव ओतून गायली, जीव तोडून गायली, ऐकताना जीव गलबलला. आत्मा ओतून गायली असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ‘कवितेचा आत्मा’ म्हणतो तेव्हाही आपल्या मनात सार असतं, धग नसते.

शिवाय या शब्दाला एक इतिहास आहे. अमेरिकेत काळ्या गायकांच्या तबकड्यांना पूर्वी ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. बिलबोर्ड या संगीत-व्यवसायाच्या साप्ताहिकात काम करणाऱ्या जेरी वेक्सलरने त्याऐवजी ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव सुचवलं आणि 1949 साली बिलबोर्डने या तबकड्यांच्या खपाच्या यादीला ते दिलं. 1969 मध्ये त्याच यादीचं नाव ‘सोल’ झालं. तोवर काळ्या वस्त्यांमध्ये सोल फूड, सोल ब्रदर असे शब्द रुळले होते. म्हणजे ‘आपल्यातलं’, ‘आपल्या माणसांचं’ असाही त्याला एक पदर आहे. ‘आत्मसंगीत’मध्ये हा पदर पार गळून पडतो.

जाता जाता, हाच वेक्सलर पुढे अटलांटिक या तबकड्यांच्या कंपनीत अरीथाचा निर्माता झाला. ज्याने एका संगीताचं बारसं केलं, त्याच्याच समोर बसून तिने ते संगीत कुठल्या कुठे नेलं, हे मला फार आवडतं.

तर मंडळी, काय करावं? शब्द सुचवा. ‘जीवसंगीत’ मी स्वतःच खोडलंय.

प्रतिसाद

‘सोल’ तसाच ठेवा. जॅझ आणि ब्लूज आपण तसेच घेतले ना? परप्रांतातल्या माणसाला आपण लावणीला लावणीच म्हणायला सांगतो. अडचण एवढीच की मराठी वाचकाला ‘सोल’ म्हटल्यावर आधी बुटाचा सोल आठवतो, कोकणातल्याला आमसोल. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘सोल संगीत’ लिहा आणि शेजारी एक वाक्य त्याचा अर्थ सांगणारं. नंतर नुसतं ‘सोल’ चालेल. प्रतिशब्द देण्यापेक्षा ते एक वाक्य नीट जमवणं महत्त्वाचं.

प्रतिसाद

मी नगरकडच्या मंडळीत वाढले. इथे ‘मंडळी’ म्हणजे चर्चची मंडळी, म्हणून ताईंच्या ‘तर मंडळी’वर क्षणभर थांबले. सोलच्या आधी ‘गॉस्पेल’, म्हणजे काळ्यांच्या चर्चमधलं भक्तिगान, कसं लिहिणार ते ठरवा, कारण सोलची मुळं तिथे आहेत. बायबलच्या मराठीत गॉस्पेल म्हणजे ‘शुभवर्तमान’. पण ती वार्ता झाली, किंवा ती सांगणारी चार पुस्तकं. गाण्याच्या प्रकाराला आम्ही शुभवर्तमान म्हणत नाही, म्हणून ‘शुभवर्तमान संगीत’ कृपया करू नका. गॉस्पेल लिहा.

अरीथाच्या वडिलांना, सी. एल. फ्रँकलिन यांना, मराठी लेखांत ‘पुजारी’ केलेलं मी वाचलंय. ते बाप्टिस्ट होते, त्यांना ‘पाळक’ म्हणा. आमच्याकडे पाळकसाहेबच म्हणतात. डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चमध्ये ते उपदेश करायचे आणि त्या उपदेशांच्या तबकड्या देशभर खपायच्या. ‘भाषण’ हा शब्द त्याला तोकडा पडतो. बोलता बोलता आवाज चढत जातो, वाक्यं लयीत पडायला लागतात, समोरची माणसं प्रत्येक वाक्याला होकार देतात आणि शेवटी उपदेशाचं गाणंच होतं. आपल्याकडचा कीर्तनकार निरूपणातून अभंगावर येतो तो क्षण डोळ्यांसमोर आणा. रेव्हरंड टिळकांना हे नीट कळलं होतं. त्यांनी येशूची गाणी आपल्याच भजन-कीर्तनाच्या चालीत बसवली, म्हणून आमच्या उपासनेत आजही ती परकी वाटत नाहीत.

अरीथाचा जन्म 25 मार्च 1942चा, मेम्फिसचा. आई बार्बरा स्वतः गायची, पियानो वाजवायची. आईवडील वेगळे झाले आणि ही दहाची व्हायच्या आतच आई वारली. घरी पाहुणे कोण, तर महालिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड अशा नावाजलेल्या गॉस्पेल गायिका. चौदाव्या वर्षी, 1956 साली, वडिलांच्या चर्चमध्येच तिचं गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं. आईविना वाढलेली पोर हजार माणसांपुढे देवाला हाक मारतेय, त्याला मी ‘आळवणं’ म्हणेन. आळवण्यात सूर आहे, आर्जव आहे आणि समोर कुणीतरी ऐकणारा आहे अशी खात्रीही आहे. सोल म्हणजे तीच आळवणी देवाऐवजी माणसापुढे केलेली, असं तुमचं ते एक वाक्य होऊ शकेल.

प्रतिसाद

वरच्या वाक्याला पुस्ती. गायक रे चार्ल्सने 1954 साली नेमकं हेच केलं. एका गॉस्पेल गाण्याची धाटणी उचलली आणि येशूच्या जागी घरची बाई बसवली. चर्चची माणसं चिडली. अभंगाच्या चालीवर कुणी फडावरची लावणी म्हटली तर आपल्याकडे जे झालं असतं तेच झालं.

माझा खरा मुद्दा पियानोचा. ‘गायिका व पियानोवादक’ असं लिहिलं की दोन वेगळी कामं वाटतात. आमच्या सिंधुदुर्गात भजनाला बुवा स्वतः पेटीवर बसतो. डाव्या हाताने भाता, उजवा पट्ट्यांवर, तोंडाने गजर, आणि मागे कोरस. बुवाची पेटी दुसऱ्याने वाजवली तर भजन उभं राहत नाही, कारण कुठे थांबायचं, कुठे ओढायचं, कोरसला कधी सोडायचं हे तो बोटांनी सांगत असतो. आम्ही त्याला ‘पेटीवर बसणं’ म्हणतो, वाजवणं नाही. अरीथा पियानोवर बसायची, असंच लिहा. ती नोटेशन वाचून शिकलेली नव्हती, ऐकून उचललेलं होतं. ‘कानावरून शिकली’ हा आपला वाक्प्रचार इथे शब्दशः लागू पडतो.

यातच तिच्या आयुष्याची कलाटणी आहे. 1960 मध्ये कोलंबिया कंपनीने तिला घेतलं. तिथे सहा वर्षं जॅझ, भावगीतवजा गाणी, व्हायोलिनांचे ताफे. आवाजाचं कौतुक झालं, पण तिचं गाणं काही सापडेना. ती अटलांटिककडे आल्यावर जानेवारी 1967मध्ये वेक्सलर तिला अलाबामातल्या मसल शोल्स गावी, फेम स्टुडिओत घेऊन गेला. तिथला पियानोवाला स्पूनर ओल्डहॅम. ती पियानोवर बसली, दोन-चार स्वर एकत्र दाबले आणि त्याने स्वतःहून ती जागा तिला सोडून दिली. तो शेजारच्या इलेक्ट्रिक पियानोवर गेला आणि त्यावर त्याने जो तुकडा वाजवला त्यानेच ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन’ सुरू होतं. त्याच दिवशी दारू आणि भांडणं होऊन पुढचं काम मोडलं. हाती आलं एक पुरं गाणं आणि एक अर्धं. पण त्या एका गाण्यात ती सापडली होती.

मागच्या आवाजांसाठी ‘सहगायन’ वगैरे नको. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात, त्यांची ‘झील’ हा नेमका शब्द आहे. ‘री ओढणं’ आता वाईट अर्थाने वापरतात, म्हणून तो टाळावा.

धागाकर्तीचं उत्तर

‘पेटीवर बसणं’ वाचल्यावर मी खर्ड्यातला अख्खा परिच्छेद पुन्हा लिहिला. आभार.

संपादकांची दुसरी दुरुस्ती होती ‘कारकिर्दीतील मैलाचे दगड’. कारकीर्द मला हवीच आहे. फारसीतून आलेला हा शब्द आपण आधी राज्यकर्त्यांसाठी वापरायचो, थोरल्या माधवरावांची कारकीर्द. शिकागोत 1960च्या दशकाच्या अखेरीस एका कार्यक्रमात रेडिओ निवेदक पर्विस स्पॅन याने रंगमंचावर खरोखरचा मुकुट तिच्या डोक्यावर ठेवला होता. तिच्या बाबतीत शब्दाचे दोन्ही अर्थ जुळतात.

मैलाचा दगड मात्र मला खटकतो. हा इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलून मराठीत रोवलेला आहे. दगड फक्त अंतर सांगतो. 18 ग्रॅमी, 2005चं अमेरिकेतलं सर्वोच्च नागरी पदक, हे सगळं अंतर झालं. त्याला ‘टप्पे’ म्हटलं तरी भागतं. मसल शोल्सचा दिवस अंतर नाही, तिथे रस्ताच फिरला, म्हणून ते ‘वळण’. 1987 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जाणारी ती पहिली स्त्री, हा ‘मान’. 1998च्या ग्रॅमी सोहळ्यात ऑपेरा गायक पावारोत्ती आजारी पडले आणि त्यांच्या जागी ती ऐनवेळी इटालियन ऑपेरातलं गाणं गायला उभी राहिली, ही ‘छाती’. चार प्रसंगांना चार शब्द असताना सगळीकडे एकच दगड का ठेवायचा?

प्रतिसाद

‘रिस्पेक्ट’ या गाण्याबद्दल काय लिहिलंय? ‘आदर’ असं केलं असेल तर बदला. आदर मनात असतो, न मागता दिला जातो. ती मागतेय. ‘मान दे’, फार तर ‘माझा मान राख’.

हे गाणं मूळ ओटिस रेडिंग या गायकाचं, 1965चं. त्यात कमावून घरी आलेला पुरुष बायकोकडून मान मागतो. अरीथाने 14 फेब्रुवारी 1967ला न्यूयॉर्कमध्ये ते गायलं, आणि मागणारी बदलली. झीलही घरचीच होती, एर्मा आणि कॅरोलिन या बहिणींची. शब्दातलं एकेक अक्षर सुटं करून बजावणं रेडिंगच्या गाण्यात नव्हतं, ते या गाण्यात आलं. मराठीत हे करता येत नाही. ‘मान’ची फोड केली तर दोनच अक्षरं, एका श्वासात संपली. पण आपल्याकडे ‘फोड करून सांगणे’ हा वाक्प्रचार आहे. समोरचा समजून न समजल्यासारखं करतो तेव्हा बाई जे करते तेच. ‘मानाची फोड करून सांगितली’ असं लिहिता येईल का बघा.

प्रतिसाद

पण गाणं फक्त बायकांचं राहिलं नाही. त्या काळातल्या नागरी हक्कांच्या चळवळीनेही ते आपलं मानलं. फ्रँकलिन पिता-पुत्री मार्टिन ल्यूथर किंगना जवळून ओळखत आणि 1968 मध्ये किंगच्या अंत्यविधीनंतर ती गायली होती. तिथे ‘सादर केलं’ हे क्रियापद तेवढं वापरू नका. मयताच्या घरी कुणी गाणं सादर करत नाही, गाणं म्हणतात.

धागाकर्तीचं उत्तर

‘म्हणणं’ घेतलं. ‘मानाची फोड’ही घेतेय.

नगरच्या ताईंना एक विचारायचंय. जानेवारी 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री तिने गॉस्पेल गायलं. सोबत गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलंड आणि त्याचा गायकवृंद. ती तबकडी वीस लाखांहून अधिक खपली. तिथे चित्रीकरणही झालं, पण दृश्य आणि आवाज जुळवायला लागणारी क्लॅपची पाटी कुणी धरलीच नाही. त्यामुळे चित्रफीत दशकानुदशकं पडून राहिली. पुढे जुळवणी झाली तेव्हा ती दाखवायला अरीथाचीच हरकत होती. 16 ऑगस्ट 2018ला डेट्रॉइटमध्ये ती वारली, आणि त्याच वर्षी चित्रपट लोकांसमोर आला.

त्यात दुसऱ्या रात्री ती पियानोवर बसलेली आहे.  चेहऱ्यावरून घाम निथळतोय, डोळे मिटलेले. वडील उठून तिच्याजवळ जातात आणि रुमालाने तिचं तोंड पुसतात. ती डोळे उघडत नाही, सूर सोडत नाही, हात पट्ट्यांवरच. शाळकरी मुलीचं पुसावं तसं बाप पुसतो आणि जागेवर जाऊन बसतो. ती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती.

मी लिहिलंय: ‘ती देवाला आळवत होती आणि पाळकसाहेब लेकीचा घाम पुसत होते.’ इथे ‘पाळकसाहेब’ ठेवू, की नुसतं ‘बाप’?

प्रतिसाद

बाप.