विसावा, लोभ आणि आखडता हात

विचारणा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या उपवासकाळातील अभ्यासवर्गात यंदा ‘विश्रांती, औदार्य आणि लोभ’ हे विषय घेतले आहेत. टिपणे काढताना मी शब्दांपाशीच अडले. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात ‘विसावा’ हा शब्द पुष्कळदा येतो. त्याच्या जागी सरळ ‘विश्रांती’ म्हटले तर अर्थात काही उणे पडते का? दुसरे असे, की दहाव्या आज्ञेत ‘लोभ धरू नको’ म्हणायचे आणि लग्नपत्रिकेत मात्र ‘आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ असे छापायचे, हे वर्गातील तरुण मुलांना विसंगत वाटते. ‘लोभ’ काढून ‘हाव’ घालावा, असे काहींनी सुचवले आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ‘लोभ’ हा शब्द बदलू नये असे मला मनापासून वाटते. सोप्या शब्दांची ओढ काही नवी नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री (हिब्रू) आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, ते १९२४ साली प्रसिद्ध झाले, आणि साध्या बायकामुलांना कळेल अशी मराठी हाच त्यामागचा त्यांचा ध्यास होता. परंतु ‘लोभ’ हा काही अवघड शब्द नव्हे. तो दोन्ही अर्थांनी वापरला जातो एवढीच त्याच्यावरची तक्रार आहे, आणि नेमक्या त्याच कारणासाठी तो इथे योग्य आहे.

पवित्र शास्त्रातील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील दहाव्या आज्ञेत जे इब्री क्रियापद आहे, ते ‘खामद’ या धातूचे. हाच धातू उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात एदेन बागेचे वर्णन करताना येतो. परमेश्वराने जमिनीतून जी झाडे उगवली, ती दिसायला ‘नेखमाद’ आणि खायला चांगली होती. या ‘नेखमाद’साठी मराठीत ‘लोभस’ याहून जवळचा शब्द सापडणे कठीण आहे. एकोणिसाव्या स्तोत्रात परमेश्वराचे निर्णय सोन्याहून इष्ट म्हटले आहेत, तिथेही हेच मूळ दिसते. म्हणजे एखाद्या सुंदर गोष्टीची ओढ वाटणे हा शास्त्राच्या दृष्टीने अपराध नाही, कारण बाग लोभस केली ती देवानेच. आज्ञा आहे ती शेजाऱ्याचे घर, त्याची बायको, त्याचे दासदासी, बैल आणि गाढव यांच्याविषयी. ओढ दुसऱ्याच्या कुंपणावरून आत शिरली की तिचे नाव न बदलता तिचे पाप होते. इब्रीत एकाच धातूने हे दोन्ही अर्थ वाहिले आहेत, आणि मराठीत ‘लोभस’ व ‘लोभ’ या जोडीने तेच काम केले आहे. ‘हाव’ घातला तर ही जोडी तुटेल.

ग्रीक नव्या करारात मात्र दोन वेगळे शब्द आहेत आणि तिथे भेद करणे आवश्यक आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ‘द्रव्याचा लोभ सर्व प्रकारच्या वाइटाचे एक मूळ आहे’ असे वचन आहे. बोलण्यात याचे ‘पैसा हे पापाचे मूळ’ असे रूप सर्रास ऐकू येते, पण ते चूक आहे. वचन पैशाविषयी नसून त्याच्यावर जडलेल्या मनाविषयी आहे. मूळ शब्द ‘फिलार्गुरिया’, म्हणजे रुप्यावरचे प्रेम. आपल्या लग्नपत्रिकेतला लोभ इथे उपयोगी पडतो. जुन्या पत्रांच्या शेवटी ‘लोभ असावा’ म्हणून जे मागितले जाई, जे माणसाने माणसाला द्यायचे, ते नाण्यांना देऊन टाकले की ‘फिलार्गुरिया’ होते. ‘हाव’ या शब्दात प्रेमाचा अंश नसल्यामुळे हा अर्थ त्यात मावत नाही. तरुण मुलांना विसंगती खटकली हे चांगलेच झाले. तिथूनच त्यांना हे वचन समजावून सांगता येईल.

दुसरा शब्द ‘प्लेओनेक्सिया’. त्याची फोड ‘अधिक असणे’ अशी होते आणि त्यात आपल्या वाट्याहून जास्त, प्रसंगी दुसऱ्याच्या वाट्यातलेही, घेण्याची छटा आहे. कलस्सैकरांस पत्रात जो लोभ मूर्तिपूजेच्या पंक्तीला बसवला आहे, तो हा. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात, भावाशी वतनाची वाटणी करून द्या म्हणून एक जण येशूकडे येतो, तेव्हा येशू ज्यापासून सावध राहायला सांगतो, तोही हाच. या ठिकाणी ‘हाव’ चालेल, किंबहुना टिपणात कंसात द्यावा. तरी एक लक्षात ठेवावे, की ‘हाव सुटणे’, ‘हावरट’ असे आपण बहुधा खाण्यापिण्याच्या किंवा क्षणिक आवेगाच्या संदर्भात म्हणतो. लूकमधला श्रीमंत शेतकरी हावरट मुळीच नाही. तो शांतपणे हिशेब करणारा, नीट योजना आखणारा माणूस आहे.

त्याची गोष्ट आपल्या वर्गात सर्वांत आधी वाचावी, असे मी सुचवीन. पीक अमाप आले, तेव्हा जुनी कोठारे मोडून मोठी बांधायचे त्याने ठरवले आणि स्वतःच्या जिवाला सांगितले, की पुष्कळ वर्षे पुरेल एवढा माल तुझ्यासाठी साठवलेला आहे. आता विसावा घे, खा, पी, आनंद कर. त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. या ‘विसावा घे’साठी ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच मत्तयाच्या अकराव्या अध्यायात येशूच्या तोंडी आहे: ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ कोठारवाला जे स्वतःच स्वतःला देऊ पाहतो, ते येशू देऊ करतो. या दोन ठिकाणी मराठीत दोन शब्द ठेवले, तर हा दुवा वाचकाच्या हातून निसटेल. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने या दाखल्यावर एक कठोर प्रवचन केले, आणि तू अडवून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीत ठेवलेला झगा उघड्याचा आहे, असे श्रीमंतांना तोंडावर सुनावले.

आता ‘विसावा’ आणि ‘विश्रांती’. दोन्हींचे मूळ एकच आहे. ‘विश्राम’ प्राकृतातून उतरत मराठीत ‘विसावा’ झाला. वापरात मात्र दोन्ही वेगळे पडले आहेत. विश्रांती डॉक्टर सांगतात, ती अंथरुणावर पडून घ्यायची असते. विसावा वाटेवर असतो आणि तो ओझे वाहणाऱ्याला मिळतो. वारीत पालखीचा विसावा असतो. प्रेतयात्रेत अर्ध्या वाटेवर तिरडी खाली टेकवतात, त्या जागेलाही विसावा म्हणतात. तिथे खांदेकरी खांदा बदलतात आणि मगच पुढे निघतात. म्हणून ‘भाराक्रांत’ या शब्दाच्या शेजारी ‘विसावा’ जसा बसतो, तसा ‘विश्रांती’ बसत नाही. शिवाय येशू पुढच्याच ओळीत ‘माझे जू आपल्यावर घ्या’ म्हणतो. म्हणजे हा विसावा वाट संपवणारा नाही. विश्रांतीत जू बसणार नाही, विसाव्यात बसते.

इब्रीतही दोन धातू आहेत. ‘शाबात’ म्हणजे थांबणे, हातातले काम सोडणे, त्यावरून शब्बाथ, म्हणजे काम थांबवण्याचा सातवा दिवस. आजच्या इब्रीत कामगारांच्या संपाला जो शब्द आहे, तोही याच धातूचा. दुसरा ‘नूआख’, म्हणजे टेकणे, स्थिरावणे. नोहाचे तारू अराराट पर्वतावर टेकले ते याच क्रियापदाने, आणि तेविसाव्या स्तोत्रातले संथ पाणी हे शब्दशः ‘विसाव्याचे पाणी’ आहे. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात शब्बाथाचे कारण सांगताना तिसरेच एक क्रियापद आले आहे, आणि ते मला विशेष जवळचे वाटते. बैल आणि गाढव यांना विसावा मिळावा, दासीचा मुलगा आणि परदेशी यांच्या बाबतीत मात्र ‘यिन्नाफेश’ असे म्हटले आहे. ‘नेफेश’ म्हणजे जीव, श्वास. त्यांच्या जिवात जीव यावा, असे ते वचन आहे. शब्बाथ हा भक्तिमान माणसाच्या ध्यानाचा दिवस असल्याची आपली समजूत असते, परंतु नियमाचा रोख ज्याला स्वतःहून थांबता येत नाही अशा माणसाकडे आहे. शास्त्रातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर स्पष्टच म्हटले आहे, की तू मिसर देशात दास होतास हे आठव.

कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजाला ‘शनवार तेली’ हे नाव पडले ते यामुळेच. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. शब्बाथ हा शब्द गावाला माहीत नव्हता, तरी थांबलेला घाणा दिसत होता, आणि मराठीने त्या थांबण्यालाच नाव केले.

थांबणे आणि लोभ यांचे वैर शास्त्रात वारंवार दिसते. मिसरातून निघालेल्या इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने रोज पुरवलेले अन्न, मिळाला तेव्हा दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्यात किडे पडले. सहाव्या दिवशी दुप्पट मिळाला आणि तो टिकला, तरी काही जण सातव्या दिवशी गोळा करायला बाहेर पडलेच, आणि त्यांना काही सापडले नाही. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातले व्यापारी विचारतात, की शब्बाथ कधी संपेल म्हणजे आम्ही गव्हाची कोठारे उघडू, माप लहान करू आणि खोटे तराजू लावू. दुकान बंद आहे, मन चालूच आहे.

औदार्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिथे मराठी वाक्प्रचारच पुरेसे आहेत. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षीच्या कर्जमाफीचा नियम आहे. त्यासाठीच्या ‘शमिट्टा’ या शब्दाचा अर्थ हातातून सुटू देणे असा आहे, आणि तिथे ‘तुझा हात सोडील’ असेच म्हटले आहे. जमिनीला सातव्या वर्षी मोकळे सोडण्याच्या निर्गमातील नियमातही हेच क्रियापद आहे. पुढे गरीब भावाविषयी आपला हात मिटू नको, तो उघड, अशी आज्ञा येते. ‘हात आखडता घेणे’ आणि ‘सढळ हात’ हे आपले रोजचे प्रयोग इथे जसेच्या तसे लागू पडतात. ‘दानधर्म’ म्हटले की देणारा वर आणि घेणारा खाली असे चित्र उभे राहते. शास्त्रातला हात मात्र आधी सोडायला शिकतो, मग द्यायला. हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर रूथची गोष्ट घ्यावी. कापणीत शेतात गळून मागे राहिलेली कणसे, म्हणजे सरवा, गरिबांचा, हा लेवीय पुस्तकातील नियम आहे. शेताचा मालक बवाज त्या नियमाच्या पुढे जातो, आणि पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गळू द्या, तिला धमकावू नका, असे गड्यांना सांगतो. संध्याकाळी रूथने वेचलेले झोडले तेव्हा एफाभर (एफा हे धान्याचे माप) जव भरले. तिने ते स्वतः वेचले होते, त्यामुळे तिला मिंधे व्हावे लागले नाही. ‘सरवा’ हा शब्द शहरात आता फारसा कानावर पडत नाही, तो वर्गात अवश्य समजावून द्यावा.

पुरवणी प्रश्न

फार उपयोग झाला, दादा. एकच राहिले. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात संपत्तीविषयी बोलता बोलता येशू मध्येच ‘डोळा हा शरीराचा दिवा आहे’ म्हणतो आणि पुन्हा धनाकडे वळतो. हे मधले वचन तिथे कसे काय?

उत्तर

ते विषयांतर नाही, ताई. इब्री बोलण्यात ‘चांगला डोळा’ म्हणजे उदार माणूस आणि ‘वाईट डोळा’ म्हणजे कंजूस, दुसऱ्याचे बघवत नाही असा माणूस. नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात आपल्या अन्नातून गरिबाला देणारा तो चांगल्या डोळ्याचा, असे म्हटले आहे. कर्जमाफीचे वर्ष जवळ आले म्हणून भावाला उसने न देणाऱ्याच्या डोळ्याला अनुवादाने वाईट म्हटले आहे. आपल्याकडच्या ‘नजर लागणे’ किंवा ‘दृष्ट’ यांच्याशी याची गल्लत होऊ देऊ नये. ‘डोळ्यांत खुपणे’ हा प्रयोग जास्त जवळचा. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा मालक शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो आणि कुरकुरणाऱ्याला शब्दशः विचारतो, ‘मी चांगला आहे म्हणून तुझा डोळा वाईट आहे काय?’ टिपणात हे वचन सहाव्या अध्यायाच्या शेजारी लिहावे. वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.