लोकांना त्यातलं काय कळतं?

उघडी खिडकी
मोठ्या प्रश्नावर लोकांचं मत घ्यायचं म्हटलं की हे वाक्य येतंच, आणि मला ते मनापासून खटकतं. १९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एक स्पर्धा होती, बैल कापून साफ केल्यावर वजन किती भरेल ते ओळखायचं. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर लोकांनी अंदाज लिहिलेली तिकिटं मागवली, वाचता येतील अशी ७८७ निघाली, त्यातला अगदी मधला अंदाज १२०७ पौंड आणि खरं वजन ११९८. एक टक्क्याचीसुद्धा चूक नाही!

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं आयर्लंड. गर्भपातबंदीचा विषय तिथले पुढारी वर्षानुवर्षं टाळत होते, शेवटी २०१६ मध्ये ९९ साधे नागरिक निवडून त्यांची सभा बसवली, त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं, वकिलांचं ऐकलं, दोन्ही बाजूंच्या संघटनांचं ऐकलं, आपसात बोलले आणि घटनेतली तरतूद बदला असं सांगितलं. २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं. पुढाऱ्यांना जे झेपत नव्हतं ते या लोकांनी करून दाखवलं की नाही?

सरळरेषा
बैलाचं उदाहरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं. तिकीट फुकट नव्हतं, सहा पेन्स मोजून घ्यायचं होतं, आणि घेणाऱ्यांत खाटीक आणि शेतकरी बरेच होते, म्हणजे जनावर बघून वजन सांगणं ज्यांचं रोजचं काम आहे असे लोक. त्यांना अडाणी गर्दी कसं म्हणणार? आणि वजनाला एक बरोबर उत्तर असतं, ते लगेच काट्यावर कळतं. पूल किती भार सोसेल, औषध किती द्यायचं, हे मतं घेऊन ठरवायचं का? तिथे चूक झाली तर माणसं मरतात.

आणि गर्दी भडकली की काय होतं ते प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्सने दाखवलंय, तिथे नागरिकांची सभाच मतं देऊन निर्णय घ्यायची. इ.स.पू. ४०६ मध्ये अर्गिनुसाईची आरमारी लढाई जिंकून आलेल्या सेनापतींना, वादळात बुडणारे खलाशी वाचवले नाहीत म्हणून, सभेने सगळ्यांना एकत्र एकाच मतदानात दोषी ठरवलं. हाती लागलेल्या सहा जणांना मारलं आणि मग लोकांना पश्चात्ताप झाला. त्याचा उपयोग काय?

मध्यरात्र
अथेन्सचंच घ्यायचं तर मिटिलिनीचंही घ्या ना. इ.स.पू. ४२७ मध्ये त्याच सभेने बंड केलेल्या शहरातले सगळे पुरुष मारायचे ठरवलं, दुसऱ्या दिवशी लोकांनाच ते पटेना, परत चर्चा झाली, निर्णय फिरला, मारायचा हुकूम घेऊन निघालेल्या जहाजामागून दुसरं जहाज पाठवलं आणि ते वेळेत पोचलं. एकट्या हुकूमशहाने दुसऱ्या दिवशी असा विचार केला असता?

सरळरेषा
@मध्यरात्र, थोडक्या मतांनी फिरला तो निर्णय. दहावीस हात इकडचे तिकडे झाले असते तर शहर संपलं असतं, आणि बंडाचे म्होरके म्हणून कितीतरी जणांना तरी मारलंच. याला तुम्ही शहाणपण म्हणताय?

आकडेमोड
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये हेच गणित मांडलं होतं: प्रत्येक माणूस निम्म्याहून थोडा जरी जास्त वेळा बरोबर असेल आणि आपल्या डोक्याने ठरवत असेल, तर माणसं वाढतील तसं बहुमत जवळजवळ अचूक होत जातं. पण माणूस निम्म्याहून कमी वेळा बरोबर असेल तर तेच गणित उलटं फिरतं, गर्दी जितकी मोठी तितकी चूक पक्की. आणि सगळे एकाचंच ऐकून मत देत असतील तर हजार मतं म्हणजे खरं तर एकच मत.

तज्ज्ञांनाही सूट नको. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने २८४ तज्ज्ञांची राजकीय भाकितं वर्षानुवर्षं तपासली, पुस्तक २००५ ला आलं. नुसतं लक्ष देऊन बातम्या वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःच्या विषयातले तज्ज्ञ फारसे पुढे नव्हते. मात्र त्याच अभ्यासात कॉलेजची मुलं बरीच मागे पडली, म्हणजे काहीच माहिती नसली तरी चालतं असं त्यातून निघत नाही.

पाऊलखुणा
मला एक कळत नाही, तज्ज्ञ आणि नेते एकाच पारड्यात का टाकता? १९८६ चं अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान आठवा. थंडीत रबरी रिंगा दगा देतील, उड्डाण नको, असं इंजिनिअर आदल्या रात्री सांगत होते, वरच्या मॅनेजरांनी ऐकलं नाही आणि सात जण गेले. तिथे ज्ञान होतं, पण निर्णय ज्याच्या हातात होता त्याला ते ऐकायचं नव्हतं. अशा खुर्चीतल्या माणसापेक्षा, तासन्‌तास शांतपणे ऐकून घेणारे ते ९९ लोक मला कधीही परवडतील.

उघडी खिडकी
@पाऊलखुणा अगदी हेच. @सरळरेषा, पूल किती भार सोसेल हे इंजिनिअरच सांगणार, त्यात मला मत नकोच. पण पूल बांधायचा का, कुणाची घरं पाडून, कुणाच्या पैशातून, याचं शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळतं? ते भोगणाऱ्यालाच विचारायला हवं.

सरळरेषा
मान्य, पण हे दोन प्रश्न इतके सुटे निघत नाहीत. पूल कुठे टिकेल यावरच कुणाची घरं जाणार ते ठरतं. आणि तुमच्या त्या ९९ जणांसमोर कुठल्या डॉक्टरला बोलवायचं, कुठल्या वकिलाला नाही, हे कुणी ठरवलं? नागरिकांनी की वर बसलेल्यांनी? यादी ज्याच्या हातात, निकाल अर्धा त्याच्या हातात. याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.