काडतुसं घरी भरायची तर पहिला प्रेस कोणता?

रेंजकर:
माझं मत ठाम आहे: पहिला प्रेस (काडतूस भरायचं हाताने चालणारं यंत्र) सिंगल स्टेजच घ्या. हँडल एकदा ओढलं की एकच काम. ५० केसेस (काडतुसाची रिकामी कवचं) लोडिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे खाचांच्या ठोकळ्यात, उभ्या करून पावडर भरली, की वरून टॉर्च मारायचा. एखादीतली पातळी वर-खाली असेल तर लगेच दिसते. पिस्तुलाच्या बऱ्याच केसेसमध्ये दुप्पट पावडरही न सांडता मावते, म्हणून गोळी बसवण्याआधी ही नजर फिरवणं मी कधीच सोडणार नाही.

चापओढ:
मला नाही पटत. दर आठवड्याला पिस्तूल चालवणारा माणूस सिंगल स्टेजला कंटाळतो, आणि कंटाळला की लक्ष उडतं. एका काडतुसासाठी तीन-चारदा हँडल ओढायचं! डिलन ७५० हा प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे एका ओढीत सगळ्या जागी काम करणारा; त्याला पाच जागा आहेत, केसेस धरणारी शेलप्लेट आपोआप फिरते. सगळ्या जागा भरल्या की दर ओढीला एक काडतूस तयार. त्यातल्या एका जागी पावडर चेक (पावडरची पातळी तपासणारं साधन) बसवा, प्रत्येक केस तपासली जाते.

रेंजकर:
सगळं सुरळीत चाललंय तोवर ठीक. पण प्राइमर (केसच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) अडकला, हँडल अर्ध्यात थांबलं, एक केस काढून पुन्हा घातली. आता तिच्यात पावडर पडली का? एकदा, दोनदा, की नाहीच? नाहीच पडली तर प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत जाऊन अडकते आणि पुढचा बार नळी फोडू शकतो. पाच जागी पाच कामं एकदम चालू असताना नवख्याने कुठे कुठे बघायचं?

चापओढ:
त्यावर साधा नियम आहे. हँडल अडकलं की प्लेटवरच्या सगळ्या केसेस काढायच्या आणि नव्याने सुरुवात करायची. हा नियम पाळायचा नसेल तर कुठलाच प्रेस घेऊ नका.

ध्रुवा:
टरेट, म्हणजे फिरत्या डोक्याचा प्रेस, विसरलात दोघेही. ली कंपनीच्या क्लासिक टरेटमध्ये चार डाय (केसला आकार देणं, गोळी बसवणं अशा कामांचे साचे) कायम बसलेल्या राहतात. डोकं आपोआप फिरवणारा इंडेक्स रॉड काढला की तोच सिंगल स्टेजसारखा चालतो. हात बसला की रॉड परत घाला.

रेंजकर:
टरेटला माझा विरोध नाही. पण रायफलच्या मोठ्या केसेस साइझ करताना, म्हणजे पुन्हा मापात आणताना, जोर लागतो, तिथे बंद चौकटीचा जाड सिंगल स्टेजच मला हवा. डायचे आटे बहुतेक ठिकाणी ७/८-१४ च असतात, त्यामुळे पुढे प्रोग्रेसिव्ह घेतला तरी सहसा त्याच डाय चालतात.

चापओढ:
रायफलसाठी मान्य. पिस्तुलासाठी मी अजूनही प्रोग्रेसिव्हच सांगेन. फक्त पहिले काही दिवस प्लेटवर एका वेळी एकच केस फिरवा.