प्रतिसाद: पोर्क कोरडं का लागतं

वर म्हटलंय की अमेरिकेतलं पोर्क कोरडं लागतं कारण लोक ते जास्त शिजवतात. अर्धं खरं आहे, २०११ मध्ये सरकारनेच अखंड तुकड्यांसाठी मांसाच्या आतलं तापमान ७१ ऐवजी ६३ डिग्री सेल्सिअस पुरेसं म्हणून सांगितलं, पण बरीच घरं अजून जुन्याच सवयीने शिजवतात. पण उरलेलं अर्धं डुकरातच आहे हो.

पूर्वी डुक्कर पाळायचे ते मांसाइतकंच चरबीसाठी, म्हणजे लार्डसाठी, पोलंड चायना वगैरे जाती तेव्हा चांगल्या गुबगुबीत असायच्या. मग १९११ ला क्रिस्को, म्हणजे लार्डऐवजी वापरायची वनस्पती तेलाची घट्ट चरबी, आलं, हळूहळू वनस्पती तेलं स्वस्त झाली, पुढे हार्टच्या भीतीने लोक चरबीच नको म्हणायला लागले आणि १९८७ पासून तर पोर्कची जाहिरातच चिकनसारखं 'व्हाइट मीट' म्हणून सुरू झाली. गिऱ्हाईक लीन मागतंय म्हटल्यावर ब्रीडर पाठीवरची चरबी मोजून कमी चरबीवालेच नर निवडत गेले, आणि त्यात मांसातली बारीक चरबीपण गेली, जिच्यामुळे चव आणि ओलावा राहतो.

त्याहून वाईट म्हणजे पिएत्रेनसारख्या भरदार जातींमधून हॅलोथेन जीन, म्हणजे डुकराला ताण सहन होऊ न देणारा जीन, पसरला. अशी डुकरं गाडीत चढवतानाच्या ताणानेसुद्धा मरायची, मांस फिकट पडून पाणी सुटायचं. १९९१ मध्ये त्यामागचं म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, सापडलं, डीएनए टेस्ट आली, तेव्हा कुठे तो जीन काढून टाकता आला. जनावराचे हे हाल आपल्या ताटातल्या आवडीमुळे झाले याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता परत उलटं चाललंय, चरबी राखून असलेल्या बर्कशायर जातीच्या डुकराला चांगला भाव मिळतो, जपानमध्ये तिलाच कुरोबुता म्हणतात. मिळालं तर ते घेऊन बघा, आणि ६३ लाच उतरवा.