जहाजाच्या लाटांचा 'ड्रॅग' : ओढ की रोध?

नांदेडकर : जहाज चालताना लाटा उठवतं आणि त्यात त्याची बरीच ताकद जाते. या 'वेव्ह ड्रॅग'च्या सिद्धांतांची तुलना करणारं टिपण मराठीत लिहितोय. 'लाट-ओढ' लिहिलं, तर आमचे सर म्हणाले, ओढ पुढं नेते, ही तर अडवणूक.

जायकवाडीकाठचा : सरांचं बरोबर. आमच्याकडं 'पाण्याला ओढ हाय' म्हणजे धार माणसाला घेऊन जाते.

परभणीची मास्तरीण : आणि 'पावसानं ओढ दिली' म्हणतो तेव्हा? तिथं ओढ म्हणजे अडून बसणंच. सरांना एक जुलै महिना इकडं काढायला सांगा.

शुद्धाग्रही : 'तरंगरोध' लिहा. शाळेच्या पुस्तकात विजेचा रोध आहेच.

नांदेडकर : एकूण रोध निराळा, लाटांचा वाटा निराळा. फ्रूड या इंग्रज अभियंत्यानं 1870 च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या हौदात मेणाची जहाजं ओढून पाहिली आणि घर्षण बाजूला काढलं, कारण प्रतिकृतीवरून खऱ्या जहाजाचा अंदाज करताना घर्षण आणि लाटांचा रोध एकाच हिशेबानं वाढत नाहीत. मिशेल या ऑस्ट्रेलियन गणितज्ञानं 1898 मध्ये फक्त लाटांचं गणित मांडलं. त्यात जहाज अगदी चिंचोळं, पाण्याला चिकटपणा नाहीच. म्हणून वेगागणिक रोध दाखवणाऱ्या त्याच्या आलेखातले उंचवटे-खळगे हौदातल्या मापांपेक्षा ठळक येतात.

शुद्धाग्रही : म्हणजे फ्रूडची प्रतिकृती, मिशेलचं गणिती प्रतिमान. दोन्हीला 'मॉडेल' म्हणून कसं चालेल?

जायकवाडीकाठचा : मॉडेलच म्हणा की राव, मिस्त्रीलाबी कळतं. आमची पोरं थर्माकोलच्या तराफ्यावरून शाळेला जातात, त्याला मिशेल चालतो का?

नांदेडकर : नाही. तोंड बोथट, रुंदी भरपूर.

परभणीची मास्तरीण : जहाजामागं पाण्यावर पाचर उमटते, तिला काय म्हणायचं? भौतिकशास्त्रज्ञ केल्विननं 1887 मध्ये दाखवलं की खोल पाण्यात ती दोन्ही बाजूंना साडेएकोणीस अंशांची, वेग कितीही असो. पण त्याचं जहाज म्हणजे नुसता सरकता ठिपका. राबो आणि म्वाझी या फ्रेंच संशोधकांनी 2013 मध्ये आकाशातून घेतलेले फोटो मोजले, तर वेगवान बोटींची पाचर बरीच अरुंद निघाली. मी 'फराटा' म्हणेन.

शुद्धाग्रही : फराटा जमिनीवर. पाण्यावर 'माग'.

जायकवाडीकाठचा : माग पैठणीचा असतो, साहेब!

परभणीची मास्तरीण : पायांचा माग आणि विणायचा माग एकाच मुळातले का? व्युत्पत्तिकोश कुणाजवळ आहे?